मुक्कामाची खोली : जंतू किती आणि विटाळ किती?

गेल्या जानेवारीत आमच्या लासलगाव परिसरातील अडतीस उपासक-उपासिका बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर अशा यात्रेला गेले होते. हिशोबाचे काम नेहमीप्रमाणे आमच्या गळ्यात पडले. बी.कॉम. झालेला कारकून दिसला की समाज त्याच्या हाती वही देतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मनमाडला गाडी धरली, पुढे ठरवलेली बस. सहा रात्रींचे मुक्काम, दर मुक्कामी अकरा खोल्या. कुठे धर्मशाळा, कुठे साधा लॉज.

तिसऱ्या मुक्कामाला रात्री साडेनऊच्या सुमारास जे घडले ते आधी सांगतो. शहराचे आणि लॉजचे नाव घेण्याचे कारण नाही. चूक लॉजवाल्याची नव्हती, आमच्याच घरच्यांची होती.

आमच्या थोरल्या वहिनींजवळ एक वेगळी पिशवी होती. तिच्यात फिनेलची बाटली, फवाऱ्याची बाटली, ब्लिचिंग पावडरचा पुडा, जुनी फडकी. कुठल्याही खोलीत गेल्याबरोबर त्या आधी पदर खोचायच्या. पलंगाच्या कडा, दाराची कडी, खिडकीचे गज, भिंतीचा हात पोहोचेल तेवढा भाग, सगळे पुसून झाल्याशिवाय नातवाला खाली उतरू द्यायच्या नाहीत. बाकीच्या बायका जेवायला बसलेल्या असायच्या आणि वहिनी अजून फरशीवर. त्या रात्री संडासाला वास येत होता म्हणून त्यांनी भांड्यात मूठभर ब्लिचिंग पावडर टाकली. कोपऱ्यात सफाईवाल्याने ठेवलेली अ‍ॅसिडची बाटली होती. पुतणीने विचार केला, एकाने भागते तर दोहोंनी अधिक चांगले होईल, आणि तीही ओतली. थंडीमुळे खिडकी बंद, दारही लोटलेले. क्षणात पिवळट धूर उठला. पुतणीचा घसा आवळला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि खोलीत झोपलेले सहा वर्षांचे पोर खोकून खोकून निळे पडायची वेळ आली.

सगळे व्हरांड्यात पळाले. आमच्यासोबत नर्सचे काम करणाऱ्या एक ताई होत्या, त्यांनी सर्वांना लांब मोकळ्या हवेत बसवले, डोळे साध्या पाण्याने धुवायला लावले आणि पोराला सरकारी दवाखान्यात न्यायला लावले. तिथे वाफ दिली, तासा-दीड तासाने सोडले. पोर वाचले, नाहीतर आज हा लेख लिहिण्याचे बळ आम्हांला राहिले नसते.

ब्लिचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच हा वायू. आपण तो आपल्याच न्हाणीघरात, दार लावून, लेकराच्या काळजीपोटी तयार केला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये अर्थातच दोन पक्ष पडले. एक म्हणे, परक्या खोलीत शंभर तऱ्हेची माणसे झोपून गेलेली असतात, जंतू मारलेच पाहिजेत. दुसरा म्हणे, आमचे आईबाप फलाटावर झोपून चैत्यभूमीला गेले, त्यांना काय झाले? आम्ही हिशोबाची वही उघडून गप्प बसलो होतो. दोन्ही पक्षांना उत्तर द्यावे असे वाटत होते, पण वहिनींच्या समोर बोलवेना. त्याचे कारण वाचकांना सांगायला हवे.

२०२० च्या मार्चअखेर नाशिक जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण आमच्या लासलगाव परिसरातच निघाला. त्या दिवसांत गावाने काय काय केले ते आठवते. निफाड तालुका द्राक्षांचा. बागेत औषध मारायचे ट्रॅक्टरचे ब्लोअर रस्त्यांवर आले आणि हायपोक्लोराइटच्या पाण्याने घरांच्या भिंती, ओटे, विजेचे खांब, झाडेसुद्धा न्हाऊन निघाली. पोरे टाळ्या वाजवीत मागे धावत. नोटा इस्त्रीखाली धरल्या जात, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली जाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे थोरले बंधू आजारी पडले. खाट मिळेपर्यंत चार दिवस घरातच होते. त्या चार दिवसांत आम्ही त्यांच्या खोलीची फरशी दिवसातून तीनदा हायपोने पुसत होतो. खिडकी मात्र लावून घेतली होती, गल्लीत जंतू जाऊ नयेत, शेजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत म्हणून. घरातली पाचही माणसे आजारी पडली. भाऊ परत आले नाहीत.

तेव्हापासून वहिनींची ती पिशवी आहे. तिला हसणे आम्हांला जमत नाही.

पण शिकलेल्या माणसाने न हसताही खरे काय ते सांगितले पाहिजे. त्या रोगाचे विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बोलण्या-खोकण्यातून हवेत जातात, बंद खोलीत साचतात आणि दुसऱ्याच्या छातीत शिरतात. वस्तूंवर ते काही काळ टिकतात हे खरे. २०२० च्या मार्चमध्येच प्रयोगशाळेत प्लॅस्टिकवर बहात्तर तासांपर्यंत त्यांचा माग लागला होता, आणि त्या बातमीने जगभर फडकी हातात घेतली गेली. पण पुढे आकडे तपासले गेले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की दूषित वस्तूला हात लागून हा रोग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी. म्हणजे ज्या महिन्यात आम्ही फरशी घासत होतो आणि खिडकी लावत होतो, त्याच महिन्यात हे जाहीर झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने तर मे २०२० मध्येच कळवले होते की खोल्यांत, रस्त्यांत औषधाचा फवारा मारण्याने विशेष साधत नाही, आणि माणसांवर तो कधीही मारू नये. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानेही १८ एप्रिल २०२० ला माणसांवर फवारणी करू नका असे सांगितले. पण त्याआधी मार्चअखेर बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना, बायका-पोरांसह, रस्त्यावर उकिडवे बसवून त्यांच्या अंगावर तेच पाणी मारून झाले होते. विमानातून उतरलेल्या साहेबांना कोणी असे रस्त्यावर बसवल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्राने हे सारे पूर्वीही एकदा पाहिले आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने रोग घरात आहे असे धरले. खोल्याखोल्यांत कार्बोलिक अ‍ॅसिड, भिंतींना चुना, गटारांत समुद्राचे पाणी. अंथरुणे जाळली, छपरे उघडली. रेल्वेच्या उतारूंना गाडीतून उतरवून त्यांची तपासणी, त्यांच्या गाठोड्यांना औषधाची वाफ. पुण्यात या घरझडत्यांचा जाच इतका झाला की २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. एवढे करून प्लेग हटला का? नाही. कारण तो भिंतीत नव्हता, उंदराच्या अंगावरच्या पिसवांत होता. पॉल लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत हे दाखवून दिले, तरी मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटायला आणखी काही वर्षे गेली. घर औषधाने धुतले की उंदीर शेजारच्या घरात पळत आणि पिसवा बरोबर नेत. औषध खरे होते, पण मारा चुकीच्या जागी होता.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. डॉक्टर असलेल्या यशवंतांनी पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत होत्या. रोग कसा पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तरी माणसाला हात लावायचा की नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

म्हणून परक्या खोलीत शिरताना पहिला प्रश्न ‘काय फवारू?’ हा नव्हे. कोणता रोग, तो कोणत्या वाटेने येतो, हे आधी विचारावे. आमच्या लासलगावचेच उदाहरण देतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प येथे २००२ पासून आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर किरणांचा मारा करण्यासाठी तो उभारला. २००७ पासून तिथून आंबाही अमेरिकेला जाऊ लागला. अमेरिकेला आंब्याच्या कोयीतली कीड नको होती, म्हणून तेवढ्या किडीला पुरेल इतकाच मारा ठरवलेला. कोंबाला वेगळी मात्रा, किडीला वेगळी. आंब्यासाठी इतका विचार होतो आणि माणसाच्या खोलीला मात्र सरसकट फिनेल!

आता वाटा पाहू. प्रवासात माणूस सर्वांत जास्त आजारी पडतो तो पोटाने. त्याची वाट तोंडातून आहे. माठातले पाणी, उघड्यावरची चटणी, चिरून ठेवलेली फळे, बर्फ, आणि शौचाहून येऊन नुसत्या पाण्याने धुतलेला हात. खोलीच्या भिंती आरशासारख्या केल्या तरी ही वाट उघडीच राहते. आमच्या यात्रेत नऊ जणांना जुलाब झाले, त्यांत वहिनींच्या घरचेही दोघे होते. ज्या खोलीत फवारा मारला नव्हता त्या खोल्यांतले काही ठणठणीत होते. ढाब्यावरचे ताक कोणी कोणी प्याले होते, एवढाच आमच्या वहीत मेळ लागला.

दुसरी वाट हवेची. क्षय, गोवर, फ्लू, कोरोना, सगळे तिथून. त्यावर उपाय उघडी खिडकी. क्षयाचे जंतू ताटवाटीने किंवा चादरीने पसरत नाहीत, उन्हात ते फार काळ तग धरत नाहीत. तेव्हा कोणी जुना क्षयरोगी सोबत असला तर त्याचा पेला वेगळा ठेवून त्याला लाजवू नये, त्याने औषध पुरे केले का एवढे पाहावे. हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २१ फेब्रुवारी २००३ ला चीनमधला एक आजारी डॉक्टर नवव्या मजल्यावर ९११ नंबरच्या खोलीत एक रात्र राहिला. त्याला सार्स होता. त्या मजल्याशी संबंध आलेल्या किमान सोळा जणांना लागण झाली आणि ती माणसे घरी परतल्यावर रोग व्हिएतनाम, सिंगापूर, कॅनडा येथे पोहोचला. त्यांतले बहुतेक त्याच्या खोलीत कधी गेलेच नव्हते. बोळ एक, लिफ्ट एक, एवढाच संबंध. आपापली खोली त्यांनी कितीही घासली असती तरी काय झाले असते?

१९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते, तिथे चौतीस माणसे दगावली. तो जंतू निघाला वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यात वाढणारा. आपल्याला असली हॉटेले परवडत नाहीत, पण कूलर परवडतो, आणि लॉजमधल्या कूलरचे पाणी महिनोन्‌महिने बदललेले नसते. त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही वाढतात. खोलीत गेल्यावर कूलर आणि झाकण नसलेली बादली रिकामी करायला लावणे हे भिंत पुसण्यापेक्षा शंभर पटींनी शहाणपणाचे. मच्छरदाणी पिशवीत असली तर उत्तमच.

तिसरी वाट कातडीची, म्हणजे अंथरूण-पांघरुणाची. येथे आमच्या एका मावसबहिणीची साक्ष काढतो. ती मुंबईत अकरा वर्षे एका हॉटेलात खोल्या आवरण्याचे काम करीत होती. ती म्हणते, “दादा, चादर आम्ही रोज बदलतो, उशीचा अभ्राही बदलतो. पण वरचं ब्लँकेट कोण रोज धुतंय? आणि पाण्याचा पेला आम्ही कशानं पुसतो ते तू विचारूच नको.” तिच्या या एका वाक्यावरून आम्ही घरून दोन चादरी आणि प्रत्येकाचा स्वतःचा पेला न्यायला लागलो. खरजेचा किडा माणसाच्या अंगावेगळा दोन-तीन दिवसांपेक्षा फारसा जगत नाही, तरी स्वतःची चादर मध्ये असली तर मन निवांत राहते. ढेकूण फिनेलला दाद देत नाही. गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात काळे ठिपके दिसतात का ते बॅटरी लावून पाहावे आणि दिसले तर खोली बदलून मागावी. ढेकणाने खाज सुटते, झोप जाते, पण त्याच्यापासून माणसाला कोणता रोग होतो असे सिद्ध झालेले नाही.

राहिली वस्तूंना हात लावण्याची वाट. ती नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या मंडळींनी काही हॉटेलांच्या खोल्या तपासल्या. तपासणी छोटी, जेमतेम नऊ खोल्यांची. पण टीव्हीचा रिमोट आणि उशाजवळच्या दिव्याचे बटण यांवर जंतू भरपूर मिळाले, आणि सफाईवालीच्या गाडीवरच्या फडक्यांवर व पोछ्यांवरही. एकच फडके खोलीखोलीतून फिरते हा त्याचा अर्थ. बटण, रिमोट, नळाची चावी, दाराची कडी, फ्लशची दोरी, एवढ्यांवरून साबणाचे ओले फडके फिरवायला दोन मिनिटे लागतात. तेवढे करावे. त्याहीपेक्षा सोपे म्हणजे घास तोंडात घालण्याआधी हात साबणाने धुवावे, मग बटणावर काय होते याची चिंता उरत नाही. उलटी-जुलाबाच्या काही विषाणूंवर त्या स्पिरिटच्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, साबण-पाण्याने मात्र ते हातावरून वाहून जातात.

खोली खरोखर निर्जंतुक करण्याची वेळ एकच येते. सोबतचा कोणी तिथे उलटी-जुलाबाने आजारी पडला, किंवा आधीच्या प्रवाशाची घाण दिसली, तर. तेव्हाही आधी खिडक्या उघडाव्या, घाण कागदाने-चिंधीने काढून टाकावी, साबणाने धुवावे आणि मगच ब्लिचिंगचे पाणी. घाणीवर नुसते औषध ओतले तर घाण त्याची ताकद खाऊन टाकते. एक लिटर पाण्यात साधारण तीस ते तेहतीस ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर म्हणजे सुमारे एक टक्का. हे पाणी त्याच दिवशी करावे, दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे, नंतर साध्या पाण्याने धुवावे. हाताला मोजे, पोरे बाहेर. आणि अ‍ॅसिड, फिनेल, साफसफाईचे दुसरे कोणतेही औषध त्यात मिसळू नये. आमच्या घरच्या पोराने ही ओळ जवळजवळ जिवाच्या किमतीने लिहून दिली आहे.

कारकुनाचा स्वभाव जात नाही, म्हणून हिशोबही मांडून पाहिला. अकरा खोल्या, सहा रात्री, म्हणजे सहासष्ट वेळा. दर खेपेला अर्धी बाटली धरली तर तेहतीस बाटल्या. दीडशे रुपयांची बाटली म्हणजे चार हजार नऊशे पन्नास रुपये. त्याऐवजी अडतीस माणसांना दहा रुपयांची एकेक साबणाची वडी, म्हणजे तीनशे ऐंशी. उरलेल्या पैशांत पाणी उकळायला मोठे पातेले आणि गॅस, क्लोरीनच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून पाजून हजारो माणसे पटकीतून वाचवली. तंबूंत फवारा मारायला त्यांच्याकडे वेळही नव्हता.

यात्रेत एक जुने उत्तर आम्हांला सारनाथला आठवले. विनयपिटकात चुल्लवग्गात पाहुण्या भिक्खूने रिकाम्या विहारात कसे उतरावे याचे नियमच दिले आहेत. एक भिक्खू दार ढकलून तडक आत शिरला आणि वरून त्याच्या खांद्यावर साप पडला, त्यावरून ते घातले गेले. दारावर थाप द्यावी, थोडे थांबावे, बाहेर उभे राहून आत पाहावे. जागा मळलेली असेल तर अंथरूण बाहेर काढून उन्हात घालावे, झटकावे. जळमटे वरून काढावी, खिडक्यांचे कोपरे पुसावे, जमिनीवर पाणी शिंपडून झाडावे. थंडीत खिडक्या दिवसा उघड्या, रात्री बंद. उन्हाळ्यात दिवसा बंद, रात्री उघड्या. जंतू हा शब्द माहीत नसलेल्या काळातले हे नियम. बघा, झाडा, ऊन द्या, वारा खेळवा. शुद्ध करण्यासाठी मंत्र म्हणा, काही शिंपडा, असे त्यात नाही.

आणि येथेच आमच्या मनातली खरी गोष्ट बोलायची आहे. खोली ‘शुद्ध’ करणे हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी सराईत नाव बदलून उतरले. ती सराई कशी होती ते त्यांनीच लिहून ठेवले आहे. अंधारा दिवाणखाना, मोडक्या खुर्च्या-बाकांचा ढीग, वटवाघळांचा चिवचिवाट. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि सराई बाटवली म्हणून त्यांना बाहेर काढले. वटवाघळांनी जी बाटली नव्हती ती सराई एका विद्वानाने बाटली! २० मार्च १९२७ नंतर महाडच्या चवदार तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे एकशे आठ घडे ओतून पाणी शुद्ध करण्यात आले. त्याने पाण्यात जंतू वाढले की कमी झाले, हे आज शाळेतले पोरही सांगेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका धर्मशाळेत उतरलो होतो. वहीत आडनाव लिहिले, गाव लिहिले. सकाळी बॅग विसरली म्हणून परत फिरलो तर व्यवस्थापक पोऱ्याला सांगत होता, “ती खोली दोनदा धू, मग दे.” शेजारच्या खोलीतले कुटुंबही त्याच वेळी गेले होते, ती खोली नुसती झाडली गेली. आम्ही बॅग उचलली आणि निघालो. काही बोललो नाही, हे आजही सलते.

पण या यात्रेत त्याहून अधिक सलले ते वेगळेच. चौथ्या मुक्कामाला आमच्या आधी त्या खोल्यांत भंगार-कचरा वेचणाऱ्यांचा एक तांडा उतरून गेल्याचे कळले. लगेच आमच्यातल्या दोघा-तिघांनी नाक मुरडले. “ती माणसं झोपली होती इथं? मग सगळं धुवून घ्या.” खोली स्वच्छ होती. चादरी बदललेल्या होत्या, आम्ही स्वतः तपासल्या. आदल्या मुक्कामाला आमच्या आधी एका बँकेच्या लोकांची सहल उतरली होती, तेव्हा हीच मंडळी बूट न काढता पलंगावर पसरली होती. आम्ही तिथल्या तिथे म्हणालो, “भाऊ, जंतू आडनाव विचारून चिकटतो का?” थोडा वेळ सगळे गप्प झाले. आमच्यावर एक जण रागावलेही, पुढे दोन दिवस बोलले नाहीत. पण वहिनींनी त्या रात्री पिशवी उघडली नाही. त्यांनी आधी खिडकी उघडली, गादी उचलून उलटी केली, घरची चादर टाकली, आणि नातवाला घेऊन हात धुवायला गेल्या.

खोली रोज कोण धुते, हेही आपल्या लोकांनी विसरायला नको. ब्लिचिंग, अ‍ॅसिड, फिनेल दिवसभर ज्यांच्या हाताला आणि छातीला लागते त्या बायका आपल्याच वस्तीतल्या असतात. आमची मावसबहीण अकरा वर्षांनी ते काम सोडून आली ती तळहाताच्या भेगा आणि खोकला घेऊन. तिला हातमोजे मिळायचे, पण फाटेपर्यंत तेच. लॉजवर आपण आणखी दोन बाटल्या ओतून निघून जातो, त्यावर पुढचा हात तिचा पडतो.

शेवटच्या मुक्कामाहून निघताना वहिनींनी सगळ्यांना कामाला लावले. ब्लँकेटच्या घड्या, कचरा एका पिशवीत, बादल्या पालथ्या, खिडक्या उघड्या. जाणाऱ्या भिक्खूने सामान नीट आवरून, कोणाला तरी सांगून मग निघावे, हेही त्याच चुल्लवग्गात आहे, पण वहिनींना ते आम्ही सांगितले नव्हते. खोल्या घ्यायला आलेली सफाईवाली दारातच थबकली. हिंदीत म्हणाली, इथे कोणी राहिले होते की नाही? मग विचारले, तुम्ही कुठले? वहिनी म्हणाल्या, लासलगावचे. तिला नाव कळले नाही. “नाशिक. प्याज, प्याज,” वहिनींनी हाताने गोल करून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, मग भाव कमी करा की!

पिशवीतला ब्लिचिंगचा उरलेला पुडा वहिनींनी तिला दिला. देताना अ‍ॅसिडच्या बाटलीकडे बोट दाखवून दोन्ही हात जोरजोराने हलवले, आणि ती समजली.